काल आपण काय खाल्लें ?



मनुष्याला शाळेंत पाठ केलेलीं सूत्रें आठवत नसतील, दहा वर्षांपूर्वींच्या शेजाऱ्याचें नांव आठवत नसेल, परंतु काल दिवसभरांत आपण काय खाल्लें हें त्याला बिनचूक सांगतां येईल, अशी आपणां सर्वांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे याचा आज थोडा विचार करावयाचा आहे. प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. पण डॉक्टरांनीं सांगितलेलें पथ्य, गरोदर स्त्रियांसाठीं आंखलेल्या योजना, इतकेंच नव्हे तर देशांत दरिद्री लोक किती हा आंकडासुद्धां अखेर याच प्रश्नाच्या उत्तरावर उभा असतो. तें उत्तर कोणी पंडित देत नाहीं; ओसरीवर बसलेला तुमच्याआमच्यासारखा मनुष्य, हातांतलें काम न सोडतां देतो.

प्रथम आपली भाषाच पाहा. मराठींत ‘जेवणें’ आणि ‘खाणें’ हीं दोन क्रियापदें अगदीं निराळीं आहेत. भात किंवा भाकरी पोटांत गेली तर तें जेवण. पोहे, शिरा, भजीं हें खाणें. शेंगदाण्यांची मूठ, गुळाचा खडा, आमटीची चव पाहण्यासाठीं तळहातावर घेतलेले चार थेंब, हें खाणेंही नव्हे. तें नुसतें ‘तोंडांत टाकणें’. चहा तर कशांतच धरीत नाहींत. म्हणून दुपारीं तीन वाजतां एखाद्यास विचारावें तर तो म्हणतो, “आज सकाळपासून कांहीं खाल्लें नाहीं,” आणि तोंवर चार कप चहा व त्यांतील आठ चमचे साखर त्याच्या पोटांत गेलेली असते. उपासाच्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी एवढें झाल्यावरही मनुष्य ‘आज मला उपास आहे’ असेंच सांगतो, आणि तें सांगतांना तो खोटें बोलत नसतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगीच केलेली नाहीं. स्मृतीच्या कोठारांत वस्तू ज्या नांवाच्या डब्यांत ठेवली असेल, त्याच नांवानें हांक मारली तर ती बाहेर येते. दुसऱ्या नांवानें येत नाहीं.

मी शाळेंत शिकवीत असतांना पांचवीच्या मुलांकडून कधीं कधीं ‘काल मीं काय खाल्लें’ या विषयावर दहा ओळी लिहून घेत असें. आमचें माहीम हें केळवें-माहीम या जोडनांवानें ओळखलें जाणारें किनाऱ्यावरचें गांव. पानवेलींच्या, केळींच्या व नारळीच्या वाड्यांचें. मुलांच्या वह्यांत भात, वरण, मासळीचें कालवण, तांदळाची भाकरी हें सर्व व्यवस्थित असे. मग मी विचारीत असें, “शाळेंतून घरीं कोणत्या वाटेनें गेलांत ? वाटेंत कोणाची वाडी लागली ?” एवढें विचारल्याबरोबर चिंचा, बोरें, कैऱ्या, पेरू, दुकानांतल्या गोळ्या अशी दुसरीच यादी बाहेर पडे. मुलांनीं आधीं कांहीं लपविलें नव्हतें. ‘खाल्लें’ या शब्दाला जोडलें होतें ताट. चिंचा जोडलेल्या होत्या वाटेला.

हीच गोष्ट आतां शास्त्रांत मान्य झाली आहे. अमेरिकेच्या शेतकी खात्यानें आहाराची आठवण काढून घेण्यासाठीं पांच टप्प्यांची पद्धत बसविली आहे. प्रथम, जें सहज आठवेल तें सांगूं द्यावयाचें. दुसऱ्या टप्प्यांत, जे पदार्थ लोक हमखास विसरतात त्यांची एकेक करून आठवण द्यावयाची. तिसऱ्यांत वेळ व प्रसंग विचारावयाचा. चौथ्यांत प्रत्येक पदार्थाचा तपशील व माप घ्यावयाचें. आणि पांचव्यांत, ‘आणखी कांहीं राहिलें काय?’ असें शेवटचें विचारावयाचें. प्रत्येक फेरींत कांहीं ना कांहीं नवें निघतें. एकदांच विचारून निघून जाणाऱ्यास पहिल्या फेरीपुरतेंच सत्य मिळतें.

आतां मापाची अडचण. ‘दोन भाकऱ्या’ म्हणजे किती ? एका घरची भाकरी दुसऱ्या घरीं अर्धी ठरेल. वाटी, डाव, पळी, चतकोर, मूठ हीं आपलीं मापें घरोघर भिन्न. आपल्या देशांत राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभाग १९७२ सालीं स्थापन झाला. महाराष्ट्रासह निरनिराळ्या राज्यांत पुढें कित्येक वर्षें त्याच्या पाहण्या चालल्या. त्याचे पाहणीदार ठराविक मापाच्या वाट्या व चमचे बरोबर घेऊन घरांत जात. घरांत काल एकंदर तांदूळ किती शिजला, त्याचा भात किती झाला, आणि त्यांतून कोणाच्या ताटांत कोणत्या मापाच्या किती वाट्या पडल्या, असें विचारून त्रैराशिकानें प्रत्येकाच्या वांट्याचा कच्चा तांदूळ काढीत. रीत चांगली होती. परंतु ज्या घरांत गृहिणी सर्वांच्या मागून, ताट न घेतां पातेल्यांतलेंच उरलेंसुरलें खाते, तेथें तिच्या वाट्या मोजावयाच्या कशा ? ‘तुम्ही काय जेवलांत ?’ याला तिचें उत्तर ठरलेलें असतें: “सगळे जेवले तेंच.” पदार्थ तेच हें खरें, प्रमाण तेंच होतें कीं नाहीं, हें त्या उत्तरांत येत नाहीं.

काळाची अडचण याहून चमत्कारिक आहे. काल काय खाल्लें हें विचारावें, कीं गेल्या आठवड्यांत, कीं गेल्या महिन्यांत ? साधी बुद्धि सांगेल कीं काळ जितका जवळचा तितकी आठवण शुद्ध. राष्ट्रीय नमुना पाहणीचे जनक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं ही साधी बुद्धि तपासून पाहिली. १९५२ सालीं पश्चिम बंगालच्या खेड्यांत कांहीं कुटुंबांना आठवड्याचें विचारलें, कांहींना महिन्याचें, आणि कांहीं ठिकाणीं धान्य प्रत्यक्ष तोलून पाहिलें. आठवड्याच्या उत्तरांतून निघणारा धान्याचा खप महिन्याच्या उत्तरापेक्षां जास्त आला, आणि तोललेल्या आंकड्याच्या अधिक जवळ महिन्याचेंच उत्तर निघालें ! असें कां व्हावें ? मनुष्य जसा विसरतो तसाच तो मागची गोष्ट पुढेंही ओढतो. आठ-दहा दिवसांपूर्वीं आणलेली वस्तु त्याला ‘परवांपरवांच’ आणलीशी वाटते आणि आठवड्याच्या हिशेबांत शिरते. महिन्याची कुंपणरेषा लांब असते. शिवाय धान्याचा आणि किराण्याचा हिशेब पुष्कळ घरांत महिन्याचाच असतो. तेथें मनाला धरावयास खुंटी सांपडते.

हा विद्वानांचा वाद म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत याच पाहणीच्या कांहीं फेऱ्यांत प्रयोग म्हणून अन्नाचा प्रश्न तीस दिवसांऐवजीं सात दिवसांचा करून पाहिला, तेव्हां कागदावरचा खप इतका वाढला कीं देशांतील दरिद्री लोकांची संख्या जवळजवळ निम्मी भरली असती. कोणाच्याही ताटांत एक घांस वाढला नव्हता; वाढली होती ती प्रश्नांतील कालमर्यादेमुळें आलेली बेरीज. पुढें १९९९–२००० च्या फेरींत एकाच कुटुंबाला एकाच बैठकींत सात दिवसांचेंही विचारलें आणि तीस दिवसांचेंही. दोन उत्तरें एकमेकांशेजारीं आलीं म्हणजे त्यांचा मेळ बसविण्याचा मोह देणाऱ्यालाही होतो आणि लिहिणाऱ्यालाही. १९९३–९४ सालीं शेंकडा ३६ असलेलें दारिद्र्य त्या फेरींत शेंकडा २६ वर आलेलें दिसलें, आणि त्यांतील खरी घट किती व प्रश्नपत्रिकेची किमया किती, यावर अर्थशास्त्रज्ञांत कित्येक वर्षें वाद चालला. अलीकडे २०२२–२३ च्या पाहणींत प्रश्नांची लांबलचक यादी तीन भागांत विभागून एकाच कुटुंबाकडे तीन निरनिराळ्या महिन्यांत जाण्याची पद्धत स्वीकारली गेली. तासन् तास उत्तरें देऊन थकलेला मनुष्य ‘नाहीं, नाहीं’ म्हणून सुटका करून घेतो, हें ओळखूनच तो बदल झाला असावा.

आपल्या महाराष्ट्रांतील दोन थोर पुरुषांचा वाद येथें आठवतो. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं १९७१ सालीं ‘भारतांतील दारिद्र्य’ हा विख्यात अभ्यास प्रसिद्ध केला. माणशीं दररोज २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्या कुटुंबाला परवडत नाहीं तें दरिद्री, अशी त्यांची कसोटी होती. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले, आणि जागतिक अन्न व शेती संघटनेचे संख्याशास्त्रप्रमुख म्हणून रोममध्यें राहिलेले पां. वा. सुखात्मे यांनीं या कसोटीवर आक्षेप घेतला. एकाच निरोगी माणसाचा आहार रोज सारखा नसतो. एक आठवडा कमी, एक आठवडा अधिक असें चालतें, आणि शरीर तें सांभाळून घेतें. म्हणून थोड्या दिवसांच्या नोंदींत जो सरासरीखालीं दिसला तो प्रत्येक जण उपाशी असें धरणें चूक, असें त्यांचें म्हणणें. दांडेकरांचें उत्तर असें कीं, गरिबाच्या घरची तूट ही अशी आज खालीं उद्यां वर जाणारी लाट नसते. ती कायमचीच असते. आज आपल्या विषयापुरता बोध एवढा घ्यावयाचा कीं, कालच्या एका दिवसाची आठवण कितीही निर्दोष असली तरी ती त्या माणसाच्या आयुष्याची आठवण नव्हे.

आमच्या भागांत तर हें डोळ्यांना दिसतें. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रांतील यांत्रिक मासेमारी बंद असते. सातपाटीच्या किंवा माहीमच्या घरांत जुलैंत जाऊन विचारलें तर सुके बोंबील आणि सुकट ऐकूं येईल. नोव्हेंबरांत गेलें तर ताजी मासळी. डोंगराकडच्या वारली पाड्यावर पावसाच्या आरंभीं शेवळ्यांची आणि इतर रानभाज्यांची भाजी असते. भात झोडून झाल्यावर ताटाचें रूप पालटतें. दोन्ही उत्तरें खरीं. पण एकावरून वर्षाचें अनुमान काढणारा फसेल.

आतां सर्वांत नाजूक भागाकडे येतों, आणि तो म्हणजे लाज. उत्तराची सत्यता पडताळावयाची तर ज्याला लाज नाहीं असा साक्षीदार हवा. तसा साक्षीदार शास्त्रज्ञांना पाण्यांत सांपडला. हायड्रोजन व ऑक्सिजन या दोन्ही मूलद्रव्यांचे नेहमीपेक्षां जड असे अणू असलेलें निरुपद्रवी पाणी माणसाला प्यावयास देतात. जड हायड्रोजन शरीरांतून पाण्याच्याच रूपानें बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्यांतूनही जातो आणि उच्छ्वासांतील कर्बवायूंतूनही जातो. दोहोंच्या घटण्याच्या वेगांतील फरकावरून कर्बवायु किती निघाला, आणि त्यावरून शरीरानें एक-दोन आठवड्यांत किती शक्ति खर्च केली, हें कळतें. वजन कायम असेल तर जेवढा खर्च तेवढीच जमा. माणसांवर ही रीत १९८० नंतर वापरली जाऊं लागली. १९९२ सालीं अमेरिकेंत, ‘आम्ही अगदीं थोडें खातों तरी वजन उतरत नाहीं’ असें सांगणाऱ्या कांहीं स्थूल व्यक्तींची अशी परीक्षा झाली. त्यांच्या शरीराच्या चलनवलनांत कसलाही दोष निघाला नाहीं. प्रत्यक्ष आहारापेक्षां सरासरीनें शेंकडा ४७ इतका कमी आहार त्यांनीं सांगितला होता, आणि श्रम मात्र शेंकडा ५१ इतके अधिक ! त्यांना लबाड म्हणणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. ज्या गोष्टीबद्दल मनुष्याला सतत बोल लावला जातो, ती गोष्ट त्याच्या मनांत पुरी उमटतच नाहीं.

याची दुसरी बाजू अधिक करुण आहे. फार खाणारा जसा कमी सांगतो, तसा थोडें खाणारा अधिक सांगतो, असें आहाराच्या कित्येक पाहण्यांत आढळून आलें आहे. आपल्याकडे त्याचें कारण शोधण्यास लांब जावयास नको. ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ हें आपलें ब्रीद. परक्या माणसानें दारांत उभें राहून ‘काल रात्रीं काय जेवलांत ?’ असें विचारल्यावर ‘चूल पेटली नाहीं’ असें कोण सांगेल ? आई तर मुलांसमोर मुळींच सांगणार नाहीं. १९९२–९३ सालीं, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील आणि आतांच्या पालघर जिल्ह्यांतील जव्हार तालुक्यांत, वावर-वांगणीच्या परिसरांत कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां सारा महाराष्ट्र हादरला. उपाशी माणसाचें मौन किती महाग पडतें याचा तो धडा होता. पुढें २०१५ सालीं आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांसाठीं डॉ. अब्दुल कलाम यांच्या नांवानें अमृत आहार योजना सुरू झाली. तींत मातेनें अंगणवाडींत येऊन एक वेळचें पुरें, गरम जेवण तेथेंच जेवावें अशी योजना आहे. यांतील शहाणपण मला मोठें वाटतें. कोरडा शिधा घरीं गेला कीं तो साऱ्या कुटुंबांत वांटला जातो, आणि मातेच्या वांट्याला काय आलें हें पुन्हां तिच्या तोंडूनच ऐकावें लागतें. डोळ्यांसमोर जेवलेल्या घांसाला आठवणीचा आधार लागत नाहीं.

मग माणसांना विचारणेंच सोडून द्यावें काय ? तसें नव्हे. आठवणीला जें पेलतें तें विचारावें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा मोठा अभ्यास आरंभिला. गरोदरपणांत त्या स्त्रिया काय खातात याची त्यांनीं दोन प्रकारें नोंद केली: चोवीस तासांत किती खाल्लें तें एक, आणि कोणता पदार्थ किती वेळां खाण्यांत येतो तें दुसरें. २००१ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकंदर उष्मांक व प्रथिनें यांचा बाळाच्या जन्मवेळच्या वजनाशीं संबंध दिसला नाहीं. पण हिरव्या पालेभाज्या आणि फळें वारंवार खाणाऱ्या मातांचीं बाळें अधिक चांगल्या वजनाचीं निघालीं. ‘किती ग्रॅम ?’ या प्रश्नाला खेड्यांतील माउली अडखळेल. पण ‘आठवड्यांतून मेथी-चवळीची भाजी किती वेळां होते?’ याचें उत्तर ती ठामपणें देईल, आणि त्या उत्तरांतून बाळाचें हित कळूं शकेल.

शहरांतील सुशिक्षित घरांनाही यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. मधुमेह किंवा रक्तदाब झालेला गृहस्थ डॉक्टरांसमोर बसून ‘तेल, साखर, मीठ अगदीं बेताचें’ असें सांगतो. त्यानें आठवणीवर विसंबूं नये. किराण्याच्या यादीवर विसंबावें. साधें पाढ्यांचें गणित आहे. चार माणसांच्या घरांत महिन्याला ४ किलो तेल लागत असेल, तर ४००० भागिलें १२०, म्हणजे माणशीं दररोज सुमारें ३३ ग्रॅम तेल झालें. साखर ३ किलो लागत असेल तर माणशीं २५ ग्रॅम. यांत बाहेरची मिठाई, बिस्किटें व शीतपेयें धरलेलीं नाहींत. मीठ १ किलो संपत असेल तर माणशीं ८ ग्रॅमांहून अधिक. आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसास दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगते. थोडें मीठ लोणच्यांत, थोडें ताटांत उरतें हें मान्य. तरीही डबा आपल्यापेक्षां अधिक खरें बोलतो. ज्यास रोजची नोंद ठेवावयाची असेल त्यानें ती जेवतां जेवतां ठेवावी, रात्रीं निजतांना नव्हे. आणि एक दिवस रविवारचा अवश्य घ्यावा, कारण रविवारचें ताट आणि मंगळवारचें ताट हीं दोन निराळ्या घरचीं वाटावींत इतकीं भिन्न असतात.

आणखी एक विनंती. घरांतील वृद्ध माणसाला ‘जेवलांत ना ?’ असें विचारूं नये. या प्रश्नांत उत्तर आधींच भरलेलें आहे. त्याला ‘हो’ खेरीज दुसरें कांहीं म्हणणें संकोचाचें होतें. त्यापेक्षां जवळ बसावें, घाई करूं नये, इतरांच्या देखत विचारूं नये, आणि ‘आज भाजी कशी झाली होती ? भाकरी चावली का ?’ असें विचारावें. दांत दुखतात म्हणून आठ दिवस नुसत्या दूध-भातावर काढल्याचें तेव्हां कळतें. मुलांच्या बाबतींतही तेंच. बाहेरचें खाल्लें म्हणून रागें भरणाऱ्या आईला पुढच्या खेपेस तें कळत नाहीं, एवढाच त्या रागाचा परिणाम होतो. खाणें थांबत नाहीं.

सारांश, माणसें आहाराविषयीं जें सांगतात तें बहुधा खोटें नसतें, परंतु पुरेंही नसतें. विसर, माप, काळ आणि लाज हे चार जण प्रत्येक उत्तरांतून आपापला वांटा काढून घेतात, आणि उरलेलें आपल्या हातीं येतें. तें उरलेलें टाकून देऊं नये. त्यांतून काय गेलें असावें याचा हिशेब ठेवून तें वापरावें. ज्यांच्या हातीं योजना आहेत, ज्यांच्या हातीं औषधें आहेत, आणि ज्यांच्या हातीं स्वयंपाकघरांतील पळी आहे, त्या सर्वांनाच हा हिशेब उपयोगी पडणारा आहे.